सगळे झोपले तरच सकाळ!

शनिवारची रात्र, कानावर हेडफोन, पाच शहरांतले पाच दोस्त आणि समोर वायकिंगांचं घनदाट जंगल! ‘व्हॅल्हाइम’मध्ये ग्रुपने पुढे कसं सरकायचं, याच्या काही हटके टिप्स... आणि एक चूक. ती मी केली, तुम्ही करू नका!

“अरे, कोण जागं आहे अजून?”

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. आम्ही चौघं आपापल्या लाकडी पलंगांवर आडवे. पण सकाळ काही होईना.

“थांबा रे, एवढं एकच झाड!” नाशिकहून आवाज.

“तुझं एकच झाड वीस मिनिटं चाललंय!” ठाण्याहून उत्तर.

तेवढ्यात कडाडकन आवाज, पाठोपाठ एक किंकाळी. झाड तुटलं, आणि नेमकं तोडणाऱ्याच्याच डोक्यावर! गडी जागच्या जागी गार. पण या दुनियेत मेलेला माणूस पुन्हा आपल्याच पलंगाशी जन्माला येतो. त्यामुळे दहा सेकंदांत शांतपणे, “आलो. झोपा आता!”

आणि मग कुठे सकाळ झाली.

ही गंमत आहे ‘व्हॅल्हाइम’ नावाच्या व्हिडिओ गेमची. स्वीडनमधल्या श्योव्दे शहरातल्या ‘आयर्न गेट’ या स्टुडिओने तो बनवला. २ फेब्रुवारी २०२१ रोजी तो बाजारात आला, तेव्हा कंपनीत माणसं होती अवघी पाच! आणि डाउनलोड होता जेमतेम एक जीबीचा. तरी महिन्याभरात सुमारे ५० लाख प्रती खपल्या. घराघरांत अडकून पडलेल्या त्या काळात लोकांना एकत्र बसायला जागा हवी होती, ती या गेमने दिली. एका दुनियेत जास्तीत जास्त दहा जण खेळू शकतात. २०२३मध्ये तो एक्सबॉक्सवरही आला आणि पीसीवाले-एक्सबॉक्सवाले एकत्र खेळू लागले.

गोष्ट साधी आहे. तुम्ही मेलेले वायकिंग. ओडिन देवाच्या शत्रूंचा बंदोबस्त करायला तुम्हाला एका जंगली दुनियेत आणून सोडलंय. अंगावर चिंध्या, हात रिकामे. लाकूड तोडा, दगड फोडा, घर बांधा, शिकार करा, बोट बनवा आणि एकेका राक्षसाला गाठा. ऐकायला सोप्पं वाटतं ना? मग आमच्यासारखे तुम्हीही पहिल्याच रात्री पावसात कुडकुडणार! म्हणून हा सगळा खटाटोप. घ्या लिहून...

आधी छप्पर, मग पराक्रम

नवीन मंडळी उतरल्या उतरल्या तलवार शोधायला निघतात. चूक! आधी १० लाकडं जमवा आणि वर्कबेंच मांडा. पण वर्कबेंचला डोक्यावर छप्पर आणि बाजूने थोडा आडोसा लागतो, नाहीतर त्यावर काही बनतच नाही. तुटकी हत्यारं इथेच दुरुस्त होतात, आणि तीही एकदम फुकट. म्हणजे घरी आलं की पहिलं काम, सगळी हत्यारं ठोकून घेणं. आमच्यातला बंगळुरूवाला पहिले तीन शनिवार मोडकी कुऱ्हाड फेकून नवी बनवत होता. वर इंजिनिअर!

दुसरा फंडा आरामाचा. घरात शेकोटीपाशी थोडा वेळ बसलात की तुम्हाला ‘रेस्टेड’ हा बोनस मिळतो. मग दम दुप्पट वेगाने भरून येतो आणि कौशल्यंही लवकर वाढतात. घरात खुर्ची, टेबल, हरणाच्या कातड्याचा गालिचा असं एकेक सामान वाढवाल, तसा हा बोनस जास्त वेळ टिकतो. म्हणजे घर सजवणं हा टाइमपास नाही, बॉस, लढाईची तयारी आहे!

आणि हो, शेकोटी घरात पेटवणार असाल तर धूर जायला छपरात वाट ठेवा. आमच्या पहिल्या घरात ती नव्हती. गृहप्रवेशालाच सगळे खोकून खोकून अर्धमेले!

पोट भरलेलं, तरच जीव

या गेममध्ये उपाशी राहिलात म्हणून मरत नाही. पण उपाशीपोटी तुमचा जीव असतो फक्त २५. एक रानडुक्कर धडकलं की खेळ खल्लास! एका वेळी तीन वेगवेगळे पदार्थ खाता येतात आणि प्रत्येकाने जीव आणि दम वाढतो. तीनदा मटणच खाऊन चालत नाही, तीन निरनिराळे हवेत. सुरुवातीला भाजलेलं डुकराचं मांस, हरणाचं मांस आणि रासबेरी एवढ्यावर छान भागतं. पुढे मध, गाजराचं सूप वगैरे थाट!

मांस भाजताना मात्र गप्पा मारू नका. जास्त वेळ राहिलं तर त्याचा कोळसा होतो. आमच्याकडे ठाणेकर मैत्रिणीने इतका कोळसा पाडला, की पुढे भट्टीला तोच कामी आला.

कामं वाटून घ्या

पाच जण पाच दिशांना पळाले, की दोन तासांनी प्रत्येकाकडे थोडंथोडं सगळं असतं आणि ग्रुपकडे काहीच नसतं. आमचा अनुभव! म्हणून सुरुवातीलाच ठरवा : एकजण शिकार आणि स्वयंपाक, दोघं लाकूड-दगड, एकजण बांधकाम, एकजण आसपासचा मुलूख बघणार. आणि पेट्यांवर पाट्या लावा. ‘लाकूड’, ‘खाणं’, ‘कातडी’. ऑफिसातल्या शेअर्ड फोल्डरसारखी गत झाली, तर अख्खा शनिवार “अगं, राळ कुठे ठेवलीस?” यातच जातो.

लढाई जमत नाही असा मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला हातोडा द्या. बांधकामाचा हिशेब डोकं चालवायला लावणारा आहे : जमिनीत रोवलेला खांब निळा दिसतो, त्यावर चढत जाल तसा रंग हिरवा, पिवळा आणि शेवटी लाल. लाल म्हणजे आता आणखी भार टाकलात तर कोसळलंच! आमचा नाशिककर बँकेत आहे, सुरुवातीला लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळायचा आणि बिचारा कोंबडीएवढ्या प्राण्याकडूनही मार खायचा. हातोडा हातात आला आणि पठ्ठ्याने दुमजली वाडा उभा केला! (नंतर आम्ही त्याला माउस घ्यायला लावला. ही टीपच समजा. टचपॅडवर हा गेम खेळू नका.)

हरणाला बोलवा, दोनदा!

पहिला मोठा शत्रू आयक्थिर. विजेच्या शिंगांचा अजस्र काळवीट. त्याचा पत्ता सुरुवातीच्या दगडी वर्तुळातल्या शिळेवरच मिळतो. दोन हरणांची मुंडकी वेदीवर ठेवली की स्वारी हजर. धनुष्य, ढाल आणि पोटभर खाणं असेल तर तो फार अवघड नाही.

त्याला मारून मिळतात तीन कठीण शिंगं आणि एका शिंगापासून बनते एक कुदळ. कुदळ नाही तर तांबं नाही, कथील नाही. आणि दोन भाग तांबं, एक भाग कथील मिळाल्याशिवाय कांसं नाही. आता हिशेब करा. शिंगं तीन, माणसं पाच! इथे आमच्यात पहिलं भांडण झालं. उपाय सोपा आहे : आणखी दोन मुंडकी आणा आणि त्याला पुन्हा बोलवा. या गेममधले बॉस कितीही वेळा बोलावता येतात. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी येणाऱ्या मित्रासाठीही हे लक्षात ठेवा.

तांब्याच्या खाणीवर सगळे एकदम तुटून पडू नका. दोघांनी फोडायचं, दोघांनी पहारा करायचा. खणण्याच्या आवाजाने जंगलातली भुतं जमतात, कधी निळा ट्रोलही येतो. आला तर घाबरू नका. त्याला खडकाजवळ नाचवा! त्याचा ओंडका तांब्याच्या खडकावर बसला तर खडक फुटतो. फुकटातला मजूर!

घर पाण्याकाठी

दूरच्या दोन जागा जोडायला ‘पोर्टल’ असतं. एकात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. त्याला लागतं २० उंची लाकूड, ग्रेड्वार्फ नावाच्या जंगली भुतांचे १० डोळे आणि २ सर्टलिंग कोअर. दोन्ही पोर्टलांना अगदी एकच नाव द्यायचं आणि एका नावाची जोडी एकच. लांबच्या मोहिमेवर निघताना एका पोर्टलचं सामान आणि वर्कबेंचपुरतं लाकूड सोबत ठेवलंत, तर साडेबाराला “मला उद्या लवकर उठायचंय गं” म्हणणाऱ्यालाही पटकन घरी पाठवता येतं.

पण मेख अशी, की नेहमीच्या सेटिंगमध्ये धातू पोर्टलमधून जात नाही. कच्चा नाही आणि वितळवलेलाही नाही. तो बोटीनेच आणावा लागतो. त्यामुळे मुख्य घर आणि भट्टी किनाऱ्यालगत बांधा. आम्ही हौसेने डोंगरमाथ्यावर बांधलं होतं. व्ह्यू सॉलिड! पण प्रत्येक वेळी तांबं पाठीवरून वर. शेवटी खाली किनाऱ्यावर दुसरी भट्टी लावली. (कंटाळा आलाच तर दुनियेच्या सेटिंगमध्ये ही अट काढता येते. पण बोटीवरच्या गप्पा जातील, सांगून ठेवते. आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या बातम्या वाऱ्याची वाट बघताना कळल्यात. एकीचं लग्न ठरल्याचीसुद्धा!)

मेलात? घाई नको!

मरणार तर नक्की. मेलात की सगळं सामान त्या जागी थडग्यात राहतं, नकाशावर खूण उमटते आणि कौशल्यं थोडी घसरतात. नवखा माणूस लगेच तसाच, उघड्या अंगाने धावत सुटतो आणि पहिल्या थडग्याशेजारी दुसरं बांधतो. तसं नको. घरात एका पेटीत जुने कपडे, जुनी ढाल आणि थोडं खाणं कायम ठेवा. खा, अंगावर चढवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन जा. आमचा नियमच आहे : थडग्याला एकटं जायचं नाही.

दुनिया कुणाची?

आता ती चूक.

व्हॅल्हाइममध्ये तुमचं पात्र वेगळं सेव्ह होतं आणि दुनिया वेगळी. दुनिया जो उघडतो त्याच्या मशीनवर असते. तो नसेल तर बाकीच्यांना कुलूप. आमची दुनिया माझ्या लॅपटॉपवर होती. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तिथे जाऊ शकणारी एकटी मी.

मी फ्रीलान्सर. फ्रीलान्सरकडे वेळच वेळ असतो असा लोकांचा समज आहे, आणि त्या आठवड्यात तो खराही होता. एक मोठं काम ऐनवेळी रद्द झालं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं. सोमवारी म्हटलं, जरा लाकूड तोडते. मंगळवारी बाण बनवले. बुधवारी रात्री पेटी उघडली तर आत तीन प्राचीन बिया. दुसऱ्या बॉसला, एल्डरला बोलवायला याच तीन बिया जाळाव्या लागतात. ग्रेड्वार्फची घरटी फोडून त्या जमवल्या होत्या न्यू जर्सीच्या मैत्रिणीने. तीन शनिवार लागले होते तिला.

मी त्या घेतल्या आणि एल्डरला एकटीने मारलं. एल्डर म्हणजे चालतं झाड. आगीचे बाण त्याला झोंबतात, आणि वेदीभोवतीच्या दगडी खांबांआड लपता येतं. रात्री अडीचला तो कोसळला. काय भारी वाटलं म्हणून सांगू! त्याच्याकडून दलदलीतल्या तळघरांची किल्ली मिळते आणि तिथे असतं लोखंड. गुरुवार, शुक्रवार मी लोखंड उपसलं. शनिवारी सगळे आले तेव्हा प्रत्येकाच्या पलंगाशेजारी लोखंडी चिलखताचा एकेक जोड तयार. सरप्राइज!

हेडफोनमध्ये शांतता.

“मस्तच गं,” ठाणेकर म्हणाली. नाशिककर म्हणाला, “मग आता मी काय करू?” न्यू जर्सीची काहीच बोलली नाही. त्या रात्री सगळे अकरालाच उठले. पुढच्या शनिवारी एकाला पाहुणे होते, एकाला ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी मी एकटीच शेकोटीपाशी बसले होते.

शेवटी न जर्सीला फोन केला. तिच्याकडे दुपार होती. म्हणाली, “इथे आठवडाभर मराठी बोलायला कुणी नसतं. शनिवारी तुमच्याबरोबर असते. त्या बिया मी आपण सगळे असताना टाकायच्या म्हणून ठेवल्या होत्या.” मी सॉरी म्हटलं. तिने “ठीक आहे गं” म्हटलं. ते ठीक नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

एल्डरला पुन्हा बोलावता आलं असतं. पण लोखंडी चिलखतं घालून त्याला मारण्यात काय मजा? तो खेळ मी बुधवारी रात्री संपवून टाकला होता.

मग मी सगळ्यांना मेसेज केला : नवी दुनिया, सगळ्यांची नवी पात्रं, पुन्हा चिंध्यांपासून. येणार का? दोन दिवस कुणाचं उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी नाशिककराने लिहिलं, “वाडा मी पाण्याकाठी बांधणार. अट मान्य असेल तर येतो.”

आमचे चार नियम

तेव्हापासून आमचे नियम ठरलेत. तुमच्या ग्रुपलाही उपयोगी पडतील.

एक : आठवड्यात लाकूड तोडा, गाजरं लावा, मध काढा, कुंपण दुरुस्त करा. पण नवा बॉस, नवा धातू आणि नवा प्रदेश फक्त सगळे असताना.

दोन : दुसऱ्याने जमवलेली वस्तू विचारल्याशिवाय वापरायची नाही. प्रत्येकाची एक खासगी पेटी.

तीन : दुसऱ्या दुनियेत तयार झालेलं तगडं पात्र इथे आणायचं नाही. पात्रं सामानासकट येतात, आणि एकाने लोखंडी कुऱ्हाड आणली की बाकीच्यांच्या दगडी कुऱ्हाडीला अर्थ उरत नाही.

चार : दुनिया आलटून पालटून. कुणाकडे जास्तीचा पीसी असेल तर त्यावर स्वतंत्र सर्व्हर चालवता येतो, म्हणजे कुणा एकावर अडत नाही. पण मग पहिला नियम आणखी कडक पाळा!

आणखी एक गोष्ट. जवळपास जितके जास्त खेळाडू, तितके शत्रू जास्त दणकट होतात. म्हणजे पाच जणांनी मारलेला एल्डर हा मी एकटीने मारलेल्या एल्डरपेक्षा मोठा गडी असतो. एकटीने केलं म्हणून मिरवत होते ना मी? घ्या!

चौकट : कुठून कुठे?

• आयक्थिर (माळरान) : शिंगांची कुदळ, मग तांबं-कथील आणि कांसं.
• एल्डर (काळं जंगल) : किल्ली, मग दलदलीतलं लोखंड. जाण्याआधी विषावरचं पेय मुरवून ठेवा. त्याला वेळ लागतो.
• बोनमास (दलदल) : ‘विशबोन’ मिळतं. त्याने डोंगरात पुरलेली चांदी सापडते. तलवार विसरा, गदा घ्या!
• मोडर (बर्फाळ डोंगर) : थंडीवरचं पेय नसेल तर चढूच नका.
• याग्लुथ (पठार) : इथला डास पाहून हसू नका. तो एका डंखात आडवा करतो.
• पुढे ‘मिस्टलँड्स’ (डिसेंबर २०२२ पासून) आणि ‘अ‍ॅशलँड्स’ (मे २०२४ पासून). तिथवर पोचलात तर आम्हाला बोलवा!

नव्या दुनियेत एल्डरपर्यंत पोचायला आम्हाला सात शनिवार लागले. न्यू जर्सीने तीन बिया एकेक करून टाकल्या. नाशिककर दुसऱ्याच मिनिटाला मेला, धावत परत आला, पुन्हा मेला. बंगळुरूवाल्याचे बाण संपले. ठाणेकर “माझ्या मागे या!” असं ओरडत भलतीकडेच पळाली. मी मागे उभी राहून फक्त बाण पुरवत होते. एल्डर पडला तेव्हा शेवटचा बाण कुणाचा होता, यावर अजून वाद चालू आहे.

घरी आलो. रात्र झाली होती. एकेक जण आपापल्या पलंगावर आडवा झाला.

“अरे, कोण जागं आहे अजून?”

“थांबा गं,” न्यू जर्सीहून आवाज आला, “मला नाही झोप येत एवढ्यात. जरा बोला ना!”

त्या रात्री सकाळ बऱ्याच उशिरा झाली. तर मंडळी, येत्या शनिवारी घ्या हातोडा, चार जुने दोस्त गोळा करा आणि व्हा सुरू. फक्त एक लक्षात ठेवा : झाड तोडताना बाजूला उभे राहा!